आच्छादन, पत्र्याचे, एक नग

शनिवारी दुपारी चहा पिता पिता बादशहांनी ठरवलं की मागच्या खोलीच्या छपराला फक्त एक खिळा मारायचा. एकच. एका खिळ्यात बिघडण्यासारखं काय आहे, असं कोणालाही वाटेल. पण बादशहांना ओळखणाऱ्या माणसाने हे ऐकलं असतं, तर आधी शिडी लपवली असती आणि मग चहा संपवला असता.

बादशहा हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. ते एका मोठ्या कार्यालयात भांडार विभागाचे हेडक्लार्क होते. जुनी झालेली खुर्ची, टेबल, पंखा, कपाट दुरुस्त करायचं की भंगारात काढायचं, हे ठरवणं त्यांचं काम. गेली एकोणीस वर्षं ते लाल शाईने 'बाद' असा शेरा मारत आले होते, म्हणून ऑफिसने त्यांना बादशहा करून टाकलं. (राज्य असं काही नव्हतं. एक टेबल होतं, आणि तेही केव्हाच बाद व्हायला हवं होतं.)

कामात मात्र माणूस पक्का. छापील फॉर्म असायचा आणि त्यात ठरलेले रकाने. वस्तू कोणती, किती वर्षं वापरली, दुरुस्त्या किती झाल्या, त्याच जागी पुन्हा पुन्हा झाल्या का, लाकूड खिळा धरतं का, बदली वस्तू उपलब्ध आहे का. यातला खिळ्याचा रकाना बादशहांनी स्वतः भांडून छापून घेतला होता. त्यांचं म्हणणं असं की रंग, पॉलिश, चकाकी यांवर जाऊ नये. लाकूड खिळा धरत नसेल तर त्या वस्तूचा जीव गेलेला असतो, फक्त कोणी तिला सांगितलेलं नसतं.

आणखी एक शिस्त होती. फॉर्मच्या वरच्या भागात वस्तू कोणाची आणि कुठे आहे ते लिहिलेलं असे. तो भाग बादशहा आधी मागे दुमडून टाकत आणि मगच खालचं वाचत. वस्तू कोणाची हे कळलं की हात थरथरतो, असं ते म्हणत. याच शिस्तीपायी मागे त्यांनी मोठ्या साहेबांची आवडती फिरती खुर्ची बाद केली होती. भंगारवाला ठेकेदार ती न्यायला आला तेव्हा साहेब तिच्यात बसून फोनवर बोलत होते. त्यांनी फोन उभ्याने पूर्ण केला. त्याला सहा महिने झाले, नवी खुर्ची अजून यायची होती, आणि साहेब एका स्टुलावर बसून कारभार पाहत होते.

असा हा बाहेर कोणाची भीडभाड न ठेवणारा माणूस. घरी मात्र मागच्या खोलीच्या छपरापुढे त्यांचं सगळं शास्त्र पांगळं व्हायचं.

ते छप्पर त्यांनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी स्वतःच्या हाताने घातलं होतं. बायको खाली शिडी धरून उभी होती आणि हे वर पत्रे ठोकत होते. शेवटचा खिळा मारून खाली उतरल्यावर कपाळाचा घाम पुसत ते म्हणाले होते, "हे छप्पर आपल्या दोघांना पुरून उरेल." त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. छप्पर पुरून उरलं होतं खरं, पण आता ते थोडं थोडं खाली येत होतं.

गळती सुरू झाली तेव्हा बादशहांनी डांबर लावलं. मग डांबरावर रंगाचा डबा चेपून ठोकला. मग त्यावर छत्रीचं कापड, त्यावर फायलीचं प्लॅस्टिक, आणि गेल्या वर्षी एका टूथपेस्टच्या जाहिरातीचा फ्लेक्स. समोरच्या इमारतीतल्या लोकांना सकाळी खिडकी उघडली की यांच्या छपरावरून एक बाई दात काढून हसताना दिसायची. खाली बायको मात्र हसत नव्हती.

कारण मागची खोली हे तिचं शिवणकामाचं दुकान होतं. वर्षानुवर्षं परकर, उशांचे अभ्रे आणि लांड्या पँटी शिवल्यावर तिला पहिल्यांदा एक मोठं काम मिळालं होतं. एका शाळेच्या नाटकाचे बावीस पोशाख, त्यात राजाचा मखमली झगा. काम वेळेवर आणि नीट झालं तर शाळेचं पुढचं सगळं शिवण तिच्याकडेच येणार होतं. ती मशीन कोरड्या कोपऱ्यात ठेवी. चार दिवसांनी कोपरा ओला होई, मशीन दुसऱ्या कोपऱ्यात जाई. चारही कोपरे झाल्यावर मशीन खोलीच्या मधोमध आलं आणि त्याच्याभोवती बादली, पातेलं आणि फुलदाणी अशी रांग लागली. शुक्रवारी पाऊस झाला आणि एक थेंब झग्याच्या काठापासून बोटभर अंतरावर पडला. मखमलीवर एकदा पाण्याचा डाग बसला की तो जात नाही. तिने बादशहांकडे फक्त पाहिलं. त्या पाहण्याचा निकाल म्हणजे हा शनिवारचा एकच खिळा.

तर बादशहा वर चढले. पत्रा हलत होता तिथे त्यांनी खिळा टेकवला, हातोडी उचलली, आणि हातोडी खाली यायच्या आत खिळा नुसत्या अंगठ्याच्या दाबाने आत गेला. पूर्ण आत. त्यांनी तो दोन बोटांनी बाहेर काढला. आला. पुन्हा दाबला. गेला. खालचा वासा भिजून भिजून पार भुसा झाला होता.

ऑफिसात असतं तर त्यांनी तिथेच लाल पेन काढलं असतं. इथे त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. कोणी बघत नव्हतं. (फ्लेक्सवरची बाई सोडून.) मग खिशातून काडेपेटी काढली, दोन काड्या त्या भोकात कोंबल्या, खिळा त्यांच्यात खुपसला, वरून बोटाने डांबर फासलं आणि ते खाली उतरले.

"धरला का खिळा?" बायकोने विचारलं.

"धरला," बादशहा म्हणाले आणि हात धुवायला गेले.

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे हात त्यांनी जरा जास्तच वेळ धुतले. वाईट वाटत होतं. पण दिवसभर दुसऱ्यांच्या वस्तू मोडीत काढणाऱ्या माणसाला आपल्या हातची एक तरी गोष्ट टिकलेली हवी असते. त्यात दोन वर्षांनी स्वतःच निवृत्त व्हायचं होतं. गुडघा दुखत होता, चष्म्याचा नंबर वाढत होता, आणि ऑफिसात नव्या मुली त्यांना 'काका, जरा बसा' म्हणायला लागल्या होत्या. छप्पर बाद म्हटलं की पुढचा नंबर कोणाचा, हे त्यांना मनातल्या मनात ठाऊक होतं.

संध्याकाळी बायको काजं करायला म्हणून बाहेरच्या खोलीत उजेडाला येऊन बसली, आणि मागे टक् असा आवाज झाला. जाऊन पाहते तर राजाच्या झग्यावर, बरोबर खांद्याच्या जागी, एक खिळा पडलेला. शेजारी काडेपेटीच्या दोन काड्या. घटकाभरापूर्वी त्याच जागी ती मान खाली घालून शिवत होती, म्हणजे खिळा भांगात आला असता. तिने वर पाहिलं, मग खिळा उचलून टाचण्यांच्या उशीत खोचला.

बोलून आजवर उपयोग झालाच नव्हता. विनवणी झाली होती, अबोला झाला होता. दोन महिन्यांपूर्वी तर तिने पत्रेवाल्यालाच बोलावलं होतं. त्याने वाशात स्क्रूड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. पत्रेवाला म्हणाला, बाई, आता ठिगळ कशाला लावायचं तेच उरलेलं नाही, सगळंच नवं घाला. त्यावर बादशहांनी स्क्रूड्रायव्हरच फार टोकदार आहे म्हणून त्याला वाटेला लावलं होतं. तिने मात्र जाता जाता त्याला मापं देऊन ठेवली. शिवणाऱ्या बाईची मापं ती, इंचालाही चुकायची नाहीत.

आता तिच्या डोक्यात दुसरंच आलं. यांना तोंडी सांगितलेलं समजत नाही, कागद समजतो. घरात कोऱ्या फॉर्मची रद्दी पडलेलीच होती. कापड बेतायला ती तेच कागद वापरायची. तिने एक फॉर्म घेतला आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने भरला. (ऑफिसातल्या निम्म्या लोकांचं अक्षर तसंच असल्यामुळे तो भाग सगळ्यात खरा वाटत होता.) वस्तू: आच्छादन, पत्र्याचे, एक नग. सगळे रकाने प्रामाणिकपणे लिहिले. वरच्या भागात घरचा पत्ता लिहिला, आणि 'मागची खोली' असंही लिहिलं. बादशहांनी तपासायला शनिवारी घरी आणलेल्या फॉर्मच्या गठ्ठ्यात तो कागद सरकवून दिला. बेत साधा होता. रविवारी हे शेरा मारतील, सोमवारी सकाळी गठ्ठ्यातून कागद काढायचा आणि यांच्यापुढे धरायचा.

रविवारी बादशहा चष्मा लावून बसले. दूरच्या शाखांचे फॉर्म ते घरीच निकालात काढत. वरचा भाग दुमडायचा, खालचं वाचायचं, शेरा. चौदाव्या फॉर्मला ते थांबले.

"अगं, ऐक जरा. कुठल्या शाखेतून काय आलंय. पत्र्याचं आच्छादन. अठ्ठावीस वर्षं वापर. दुरुस्त्या तेवीस, त्यातल्या नऊ एकाच जागी."

मशीन थांबलं. "मग दहावी नाही का करता येणार?"

"दहावी?" बादशहांनी चष्मा काढला, म्हणजे आता व्याख्यान होतं. "पहिली दुरुस्ती वस्तूची असते. दुसरीही वस्तूचीच असते. पण तिसऱ्यांदा त्याच जागी ठिगळ लावलं ना, की माणूस वस्तू दुरुस्त करत नसतो, स्वतःची समजूत काढत असतो."

"आणि खिळा धरतं का हो ते?"

"छे. खिळ्याच्या भोकात काडेपेटीच्या काड्या भरल्या होत्या, असं लिहिलंय." ते हसायला लागले. हा उपाय आपल्याखेरीज आणखी कोणाला तरी सुचला, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं. पण कर्तव्य ते कर्तव्य. त्यांनी लाल पेन उघडलं आणि लिहिलं: 'तात्काळ बाद. ठेकेदाराने तीन दिवसांत उचलावे. तसेच, ही वस्तू आजवर वापरात ठेवून माणसांच्या जिवाशी खेळणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव कळवावे.' खाली सही ठोकली, आणि शेजारी तारीख.

सोमवारी सकाळी बायको उठून बघते तो गठ्ठाही नाही आणि बादशहाही नाहीत. काम लवकर संपलं म्हणून ते लवकर ऑफिसला गेले होते. ती दारापर्यंत धावली, रस्ता रिकामा होता. मग तिने स्वतःला धीर दिला, की एवढं मोठं ऑफिस, कोणीतरी पत्ता वाचेलच. यांची जराशी फजिती होईल आणि कागद परत येईल. एवढ्या मोठ्या ऑफिसात कागद कोण वाचतं, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. साहेबांनी खुर्ची गेल्यापासून बादशहांच्या कागदांवर न वाचता सही करायचं ठरवलं होतं.

गुरुवारी बादशहांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली. खिळा पडल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं, पण पत्रा पुन्हा हलताना दिसला होता. या वेळी काड्या चार घालायच्या, असा त्यांचा विचार होता. ते शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होते तेव्हा दारात टेम्पो थांबला. भंगारवाला ठेकेदार आणि त्याची तीन माणसं उतरली.

"अरे वा, साहेब, तुम्ही स्वतः हजर," ठेकेदार म्हणाला. "आच्छादन, पत्र्याचे, एक नग. कुठून सुरुवात करू?"

बादशहांना वाटलं, याचा पत्ता चुकला. त्यांनी शिडीवरूनच कागद मागून घेतला. वरचा भाग दुमडलेला होता, तो त्यांनी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा उलगडला. तिथे त्यांच्याच घराचा नंबर होता. खाली त्यांचंच लाल अक्षर, आणि त्याखाली त्यांची सही. त्यांनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला, आणि शिडीवरच बसायचा प्रयत्न केला.

मग त्यांनी तोंड उघडलं. हे घरचं छप्पर आहे, ऑफिसचं नाही. कुठेतरी घोटाळा झालाय. शिवाय नुसती किरकोळ दुरुस्ती आहे, आपण आत्ता तेच करायला चाललो होतो. बोलता बोलता त्यांच्या हातातली काडेपेटी ठेकेदाराला दिसली. त्याने फॉर्म वाचलेला होता. तो सभ्य माणूस, त्याने मान दुसरीकडे वळवली.

एवढ्यात बायको आतून आली. तिने टाचण्यांच्या उशीतून खिळा काढला आणि नवऱ्याच्या हातावर ठेवला.

"हा शनिवारी पडला. मी बसते तिथे," ती म्हणाली. "फॉर्म मी भरला. चुकले असेन तर सांगा, पण त्यात एक अक्षर खोटं नाही."

बादशहा खिळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वर पाहिलं आणि मग तिच्या भांगाकडे पाहिलं. कोणाचं तरी नाव कळवा म्हणून आपण लिहिलं होतं, आणि तो माणूस इथे शिडीवर उभा होता.

"तुम्ही घातलं होतं म्हणून मी इतकी वर्षं बादल्या मांडल्या," ती हळू आवाजात म्हणाली. "एकही बादली मांडायला नको म्हटलं नाही. पण अहो, छप्पर गेलं म्हणजे तुम्ही गेलात असं नाही ना होत."

बादशहांनी काडेपेटी खिशात टाकली. ते शिडीवरून उतरले, शिडी ठेकेदाराच्या हवाली केली आणि म्हणाले, "डाव्या बाजूने सुरू करा. तिकडे मीच सगळ्यात जास्त ठोकलंय."

अवजारं लागलीच नाहीत. ठेकेदाराची माणसं पत्रा धरत आणि पत्रा सोबत येई. तेवीस दुरुस्त्यांसकट अख्खं छप्पर वीस मिनिटांत टेम्पोत जाऊन बसलं. ठेकेदार म्हणाला, इतकी वर्षं भंगार उचलतोय, पण इतकं तयारीत बसलेलं छप्पर पाहिलं नव्हतं. हसणारी बाई सगळ्यात वर होती. टेम्पो वळेपर्यंत ती बादशहांकडे बघून हसत होती आणि बादशहा डोळे पुसत होते. (डांबराच्या वासाने, असं त्यांनी नंतर सांगितलं.)

त्यानंतरचे दोन दिवस घरात सगळ्यांचा जीव टांगणीला होता. मशीन बाहेरच्या खोलीत आलं, बावीस पोशाख कपाटांवर, पलंगावर आणि बादशहांच्या अंगाखांद्यावर पसरले. वर ढग जमत होते. पत्रेवाल्याकडे मापं आधीच असल्याने तो शुक्रवारी सकाळीच नवे वासे आणि पत्रे घेऊन हजर झाला. बादशहांनी त्याला मदत करायची तयारी दाखवली. त्याने त्यांना खिळे मोजायला बसवलं. नव्या वाशात पहिला खिळा मारताना मात्र त्याने हातोडी बादशहांच्या हातात दिली. सहा घाव घालावे लागले. प्रत्येक घावाला खिळा कुरकुरत आत गेला आणि बादशहांना इतकं बरं वाटलं की त्यांनी तो उपटून पाहायचीही परवानगी मागितली. ती मिळाली नाही.

शनिवारी संध्याकाळी पाऊस कोसळला. सवयीने बादशहा बादली, पातेलं आणि फुलदाणी घेऊन मागच्या खोलीत धावले, तिन्ही जागच्या जागी ठेवली आणि वाट बघत बसले. काहीच पडलं नाही. बायको राजाच्या झग्याला शेवटचा टाका घालत होती. थोड्या वेळाने तिने फुलदाणी उचलली आणि बऱ्याच वर्षांनी तिच्यात फुलं ठेवली.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. साहेब स्टुलावर बसले होते आणि त्यांच्या पुढ्यात तोच फॉर्म होता. ठेकेदाराने सगळं सांगितलं असावं. साहेबांचा चेहरा असा प्रसन्न बादशहांनी खुर्ची गेल्यापासून पाहिला नव्हता.

"कर्मचाऱ्याचे नाव कळवावे, असं तुम्हीच लिहिलंय," साहेब म्हणाले. "कळवा."

बादशहांनी नाक मुठीत धरून स्वतःचं नाव लिहिलं. साहेबांनी एक कोरा फॉर्म काढला आणि वर लिहिलं: सदर कर्मचाऱ्याची तपासणी त्यांच्या वरिष्ठांकडून करून घ्यावी.

"वरिष्ठ तर आपणच, साहेब," बादशहा म्हणाले.

"मी नव्हे. घरचे."

संध्याकाळी बादशहांनी तो फॉर्म खाली मान घालून बायकोपुढे ठेवला. शाळेने पोशाख पसंत केले होते आणि पुढच्या वर्षाचं कामही तिलाच दिलं होतं, त्यामुळे ती खुशीत होती. तिने उजव्या हाताने, आपल्या नेहमीच्या अक्षरात, फॉर्म भरला आणि मशीनवर बसली. बादशहांनी चष्मा लावून मोठ्याने वाचायला घेतलं. वस्तू: पती, एक नग. वापर: अठ्ठावीस वर्षे. दुरुस्त्या: दात तीन, गुडघा एक. त्याच जागी पुन्हा पुन्हा: होय, हट्ट. खिळा धरतो का: धरतो, हातोडी देऊ नये. शेरा: वापरात ठेवावा.

हे शेवटचे दोन शब्द त्यांनी दोनदा वाचले. मग सवयीने, एखादा रकाना राहिला तर नाही ना हे बघायला, ते पुन्हा मागे गेले. राहिला होता. बदली वस्तू उपलब्ध आहे का: तीनदा चौकशी केली, या मापात मिळत नाही.

"तीनदा?" बादशहांनी विचारलं.

"हो," मशीन न थांबवता ती म्हणाली. "तिसऱ्यांदाही नाहीच म्हणाले. मग ठरवलं, ठिगळं लावून चालवू."